कॉम्प्युटरच्या दाराचा टोल

"शटर पडतंय! पळा!" व्यंकट ओरडला, पण पळायला उशीर झाला होता.

घडघडत लोखंडी शटर खाली आलं आणि उन्हाची शेवटची पट्टी जमिनीवरून पुसली गेली. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज झाला. संघमित्रा हाक मारणार, एवढ्यात व्यंकटनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप, मित्रा. हिंमतरावानं बघितलं तर पाठ सोलून काढंल."

"चल रे, लातूरला माल टाकू. उद्या सकाळशिवाय परत यायचं न्हाय," बाहेर हिंमतराव कुणाला तरी सांगत होता. ट्रक गुरगुरला. आता मात्र तिघंही एकदम ओरडले; पण ट्रकच्या आवाजापुढं तीन पोरांचा आवाज तो कितीसा? थोड्या वेळानं तोही आवाज विरला आणि गोडाऊनमध्ये नुसता उकाडा उरला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा. मार चुकवायला गप्प बसले आणि कोंडले गेले.

मित्रानं व्यंकटचा हात झटकला. "शाबास. पाठ वाचली तुझी. आता ठेव तिला जपून."

ही सगळी भानगड सुरू झाली एका बाभळीपायी. सत्त्याऐंशीचा तो उन्हाळा. बोरदऱ्यात आड आटले, विहिरी आटल्या, कळंबहून टँकर येई तेव्हा गावाचे घसे ओले होत. पण बाभूळ म्हणजे दुष्काळाला वाकुल्या दाखवणारं झाड. गावची एकही बाभूळ वाळली नव्हती, फक्त सोसायटीच्या गोडाऊनमागची वाळली होती. तिच्या बुडाशी माती हिरवी-निळी झाली होती आणि व्यंकटच्या शेळीनं तिथलं गवत हुंगून जी धूम ठोकली, ती घरी जाऊनच थांबली. शेळीला जे कळलं ते आपल्यालाही कळावं, म्हणून हे तिघं दुपारी भंगारवाल्या हिंमतरावाची माणसं पोती उचलायच्या गडबडीत असताना आत शिरले होते.

तिघांतली मित्रा सर्वांत उंच, काडीसारखी बारीक, सातवी पास होऊन आठवीत जाणारी. व्यंकट तिच्याच वर्गातला. तोंडाचा पट्टा चालू असला की त्याला जेवणही आठवत नसे. आणि तिसरा महालिंग, उमरग्याहून मामाच्या गावी सुट्टीला आलेला. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं कुठलंही यंत्र दिसलं की तो आधी हात मागं बांधून त्याच्याभोवती एक चक्कर मारायचा.

आताही तो तसाच उभा होता. पश्चिमेच्या भिंतीत अगदी वर गज बसवलेला एक झरोका होता. त्यातून आलेल्या उजेडात कपाटाएवढे लोखंडी सांगाडे दिसत होते. कुणाची दारं निखळलेली, कुणाच्या पोटातून तारांची आतडी लोंबलेली.

"हाच का तो साखर कारखान्याचा कॉम्प्युटर?" व्यंकट म्हणाला. "नवा आला म्हणून जुना भंगारात काढलेला? आबाराव सांगत होते, लई अक्कल असती म्हणं त्याला. इचार की, भाऊ, आता भाईर कसं पडायचं?"

"त्याला हात लावू नगंस," महालिंग एकदम म्हणाला. व्यंकटचा हात काचेच्या मोठ्या पडद्याकडं निघाला होता. "वीज बंद असली तरी आत साठून ऱ्हाती. आन् ती नळी फुटली तर काचा तोंडावर उडत्यात. आमच्या दुकानातल्या पोऱ्याच्या गालावर अजून वण हाय."

व्यंकटनं हात खिशात घातले. दोन्ही.

मित्राला मात्र वासानं अस्वस्थ केलं होतं. घशात टोचणारा, आंबूस, जळका वास. कोपऱ्यात प्लास्टिकचा एक टब होता. त्यात हिरव्या पट्ट्या बुडवून ठेवलेल्या होत्या, यंत्राच्या आतल्या, बारीक नक्षी असलेल्या. टबावर तांबूस धूर तरंगत होता आणि तिथून एक ओघळ भिंतीच्या भोकातून बाहेर गेला होता, थेट बाभळीच्या मुळाशी.

"तेजाब. अ‍ॅसिड," महालिंग म्हणाला. "पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, नखाएवढा. तो काढायला हे तेजाबात बुडवत्यात. बाबा म्हणत्यात, सोनं निघतं गुंजभर आन् फुफ्फुस जातं अख्खं. त्या धुराजवळ थांबू नगा."

"आन् हे कशात आणत्यात?"

महालिंगनं बोट दाखवलं. टबाशेजारी निळा कॅन होता. जाड प्लास्टिकचा, काळ्या झाकणाचा, पोटावर कवटीचं चित्र. त्याच्या तोटीतून टपकलेल्या थेंबांनी खालच्या शहाबादी फरशीला पांढरे खड्डे पडले होते.

मित्रा त्या काळ्या झाकणाकडं बघत राहिली.

असाच कॅन तिच्या घरात होता. काल संध्याकाळीच आला होता. सोसायटीचे चेअरमन आबाराव यांनी चावडीपुढं गावाला निळे कॅन फुकट वाटले होते, वर भाषणही ठोकलं होतं. गोडाऊन हिंमतरावाला भाड्यानं दिलं, त्यानं रिकामे कॅन देऊ केले, आबारावांनी कवटीचे कागद खरवडायला लावले आणि दुष्काळात दानशूर झाले. लोकांनी हारही घातला. दुष्काळात भांडं म्हणजे पाण्याइतकंच मोलाचं. डबा, पिंप, फुटका रांजण, काहीही सोडत नव्हतं कुणी.

"आईनं धुतला असंल की," व्यंकट म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता, कारण कॅन त्याच्याही घरी होता.

"कशानं धुणार?" मित्रा म्हणाली. "घरात गौतमला पाजायला पाणी न्हाय. आई म्हणली, जरा वास येतोय, पण टँकर आला की आधी ह्यातच भरू, गौतमला तापात सारखी तहान लागतीय."

गौतम तिचा भाऊ, दोन वर्षांचा. तापानं तीन दिवस गळून पडलेला. टँकर उन्हं कलली की यायचा आणि आलेल्या पाण्याचा पहिला पेला त्याचाच, हे घरात ठरलेलं होतं.

झरोक्यातून आलेला उन्हाचा चौकोन समोरच्या भिंतीवर चढायला लागला होता. उन्हं कलत होती.

*

त्यानंतर त्यांनी काय काय नाही केलं! शटरखाली लोखंडी दांडा घालून बघितला. दांडा वाकला, शटर ढिम्म. घसा बसेपर्यंत ओरडून झालं. गोडाऊन गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला. भर उन्हात तिकडं फिरकणार कोण? महालिंगनं एक पत्रा बांबूनं ढकलत ढकलत टबावर सरकवला, तेव्हा धूर कमी झाला, पण पुरता थांबला नाही. पत्र्याच्या छपराखाली अंग भाजत होतं. व्यंकटच्या चेष्टासुद्धा आटल्या, आणि हे लक्षण मित्राला सगळ्यात वाईट वाटलं.

मग शटरपलीकडं पावलं वाजली. शेण्या गोळा करत कुणीतरी येत होतं. तिघं शटरवर तुटून पडले. धडाधड, धडाधड, धडाधड.

"ठोका बाबांनो, ठोका," बाहेरून धुरपदाबाई म्हणाली. "सकाळपासून तुमचं हेच. म्हातारीचं डोस्कं उठवलं ह्या भंगारवाल्यांनी."

"धुरपदाआज्जी! आमी हाओत! आज्जी!"

पण म्हातारीला कमी ऐकू येई. ठोकाठोकी तिच्या कानापर्यंत पोचे, शब्द पोचत नसत. पावलं लांब गेली.

व्यंकट शटरला टेकून खाली बसला. "संपलं. हितं दिवसभर ठोकत्यातच. आपण मरूस्तोवर ठोकलं तरी लोक म्हणतील, हिंमतरावाचं काम जोरात चाललंय."

त्याचे डोळे भरून आले होते. मित्राला रडू येत नव्हतं, त्याहून वाईट काहीतरी होत होतं. डोळ्यांपुढं सारखं घर येत होतं: कोपऱ्यातला निळा कॅन, त्यात पाणी ओतणारी आई, पेला दोन्ही हातांनी धरणारा गौतम. इतक्या जवळ होतं ते. झरोक्यातून गावातला लिंब दिसावा इतकं जवळ.

लिंब. लिंबाला टांगलेला पाटा.

"ठोकलं तर कुणी येत न्हाय," ती सावकाश म्हणाली. "पण टँकरचा टोल दिला तर?"

बोरदऱ्यात टँकरचा टोल कुणाला सांगावा लागत नसे. रस्त्यावर टँकरचा धुरळा दिसला की राखणीवरचं पोर लिंबाला टांगलेला गाडीच्या स्प्रिंगचा जुना पोलादी पाटा वाजवी: टण-टण-टण, मग दम, पुन्हा टण-टण-टण. तो ऐकला की चुलीवरची भाकरी टाकून बाया धावत. आवाज ज्या अंगानं येईल त्या अंगाला गाव धावे, कारण टँकरचा नेम नसे. कधी चावडीशी थांबे, कधी रस्त्यालाच.

"येडी झालीस का?" व्यंकट उठून उभा राहिला. "खोटा टोल? शिमग्याला बनाबाईच्या पोरानं गमतीनं दिला होता, ध्यानात हाय ना? त्यांचं घर अजून रांगेत शेवटी उभं ऱ्हातंय. पाऊस पडूस्तोवर."

ध्यानात होतं. मित्राला त्याहून जास्त ध्यानात होतं. मागच्या वर्षीपर्यंत गावात टँकरच्या रांगा दोन होत्या. एक गावाची आणि तिच्यामागं बौद्धवाड्याची, आणि ती दुसरी रांग सरकायला लागेपर्यंत टँकरमध्ये गाळ उरत असे. तिची आई केशरबाई ग्रामसभेत उभी राहिली होती. सगळ्या गावापुढं बोलली होती. तेव्हापासून रांग एक. त्या एका रांगेत केशरबाईच्याच लेकीनं खोटा टोल दिला, तर लोक काय म्हणतील, हे मित्राला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी देतो," व्यंकट म्हणाला. "माझं नाव सांगू. मला काय, रोजच शिव्या खातोय."

"न्हाय. गौतम माझा भाऊ हाय. आन् नाव कशाला लपवायचं? मीच देणार."

पण द्यायचा कशावर? महालिंगनं सांगाड्याचं एक जड दार ओढून आणलं आणि दांडा हाणला. ठक्क. मेल्या म्हशीच्या पाठीवर मारल्यासारखा आवाज.

"भुईवर पडलेलं वाजत न्हाय," तो म्हणाला. "टांगलं की वाजतं. देवळातली घंटा कुणी भुईवर ठेवतं का?"

मग मात्र त्या मोडक्या कॉम्प्युटरची अक्कल खरंच कामी आली. तारांच्या गुंडाळ्यातून महालिंगनं जाड रबरी केबल निवडली. तिघांनी मिळून आतून रिकामे झालेले सांगाडे झरोक्याखाली ढकलले, एकावर एक चढवले. सगळ्यात वरचा डुगडुगत होता. छपाईच्या यंत्रातला एक भरीव लोखंडी दांडा मित्रानं ओढणीत खोचला.

"हलकी तू हाईस," व्यंकट म्हणाला. "पण पडलीस तर मला सांगून पड, म्हणजे मी बाजूला होईन."

त्याची चेष्टा परत आली, हे ऐकून मित्राला बरं वाटलं.

ती चढली. वर छपराचा पत्रा तव्यासारखा तापला होता, पण धूर खालीच रेंगाळत होता. तिनं केबल गजातून ओवली, खालून दोघांनी दार उचलून दिलं, महालिंगनं सांगितली तशी गाठ मारली. दार झरोक्यासमोर लोंबकळत गिरकी घ्यायला लागलं. बाहेर गाव दिसत होतं. लिंब दिसत होता. आणि लांब कळंबच्या रस्त्यावर, अजून मुठीएवढा, पिवळा धुरळा.

"टँकर निघालाय!" ती ओरडली. "हाणते मी."

टण-टण-टण!

असा आवाज त्या गोडाऊनमधून कधी निघाला नव्हता. खणखणीत, लांबवर जाणारा, अगदी लिंबावरच्या पाट्याचा भाऊ. मित्रानं दम घेतला. टण-टण-टण! हाताला झिणझिण्या आल्या, खोकला आला, सांगाडा डुगडुगला. खाली दोन पोरं तो खांद्यांनी रेटून धरून उभी होती. टण-टण-टण!

पहिली बाई गल्लीच्या तोंडाशी आली. मग दोन आल्या. मग सगळं गाव घागरी-बादल्या घेऊन सुटलं, आणि त्या लोंढ्यात निळे कॅन उड्या मारत येताना दिसले.

*

टँकर न दिसल्यावर गाव किती तापतं, हे ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक.

"कुणी वाजवलं रं?" "आतून येतोय आवाज." "भंगारवाल्याची मस्ती हाय!"

मित्रानं गजांना तोंड लावलं. "कोंडलोय आमी! दार फोडा! आत धूर हाय!"

"भाडेकरूचं कुलूप हाय, असं फोडता येत न्हाय," आबाराव म्हणाले. सरपंच कोंडीराम अण्णांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी धोंडा उचलला आणि दोन घावांत कुलूप खाली पाडलं.

तिघं बाहेर आले ते खोकत, लाल डोळ्यांनी, तारांच्या काजळीनं माखलेले. केशरबाई गर्दीतून पुढं आली. तिच्या काखेत निळा कॅन होता.

"बघा," आबाराव म्हणाले. "केशरबाईची पोरगी. चोरून आत शिरायचं आन् वर खोटा टोल द्यायचा. म्हणून म्हणत होतो, रांग एक केली की शिस्त ऱ्हात न्हाय."

केशरबाईनं आबारावांकडं पाठ केली आणि लेकीला विचारलं, "का वाजवलंस, मित्रा?"

मित्राला बोलायचं होतं, पण खोकल्यानं शब्द फुटेना. तिनं आईच्या काखेतला कॅन ओढून घेतला आणि महालिंगच्या हातात दिला. महालिंगनं झाकण काढलं. रिकामा म्हणून वाटलेल्या त्या कॅनच्या बुडाशी ओंजळभर काहीतरी डचमळत होतं. त्यानं तो लांब धरून सोसायटीच्या पायरीवर कलता केला.

शहाबादी पायरी फसफसली. पांढरा फेस आला, धूर निघाला. फेस बसला तेव्हा दगडाला खळगा पडला होता.

"हे तेजाब हाय," व्यंकट म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच एका वाक्यात थांबला. मग एकेका बाईनं आपापला कॅन हातभर लांब धरला, जणू त्यात साप होता.

"अहो, थोडासा अंश ऱ्हातो, पाण्यात मिसळला की काय होतंय…" आबाराव चाचरत म्हणाले.

धुरपदाबाई पुढं झाली. इतका वेळ तिला कुणीतरी कानाशी ओरडून सगळं सांगत होतं. "काय होत न्हाय ना? मग चेअरमन, तुमीच घोटभर घ्या आधी. हार आमी घालू."

आबारावांनी मान खाली घातली आणि त्या दिवशी ती वर आली नाही. केशरबाई मटकन खाली बसली. तिनं लेकीला पोटाशी धरलं आणि गर्दीदेखत हमसून हमसून रडली. गौतमच्या पेल्याचं तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

इतक्यात रस्त्यावर भोंगा वाजला. खरा टँकर आला होता. गाव मात्र जागचं हललं नाही. लिंबाशी आता कुणीच नव्हतं, आणि वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना, शेतातल्या माणसांना टोलाशिवाय कळणार कसं?

कोंडीराम अण्णा मित्राला म्हणाले, "पोरी, तुझ्याएवढा मोठा टोल ह्या गावात कुणी दिला न्हाय. जा, आता खरा दे."

दोन गड्यांनी ते दार काढून आणलं आणि केबलनं बाहेरच्या खांबाला टांगलं. मित्रानं टोल दिला, टण-टण-टण, दम घेऊन पुन्हा.

"केशरबाईचं घर आज रांगेत पहिलं," अण्णांनी जाहीर केलं.

केशरबाईनं डोळे पुसले, पदर खोचला. "न्हाय अण्णा. नंबर लागंल तसं उभी ऱ्हाते. रांग एकच म्हणली होती मी, पहिली न्हवती म्हणली." आणि कुणाची तरी जास्तीची घागर घेऊन ती बनाबाईच्या मागं, अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. व्यंकटनं मुकाट्यानं पहिला तांब्या भरून गौतमसाठी तिच्या घरी नेला, तेवढं तिनं चालवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी कारखान्यात जाऊन टेबलावर खळगा पडलेला दगडच ठेवला. कारखान्यानं आपला जुना कॉम्प्युटर परत नेला. काचेचे पडदे गवतात गुंडाळून, अख्खेच्या अख्खे, महालिंगच्या देखरेखीखाली उचलले गेले. पंखे, मोटारी शिकणाऱ्या पोरांसाठी धाराशिवच्या तंत्रशाळेत गेल्या. उरलेल्या तेजाबावर जाणत्या माणसांनी चुना टाकून त्याचा विषारी दात काढला. हिंमतरावाचा टब पोलीस घेऊन गेले. आणि निळ्या कॅनांना बुडाशी भोकं पाडली, म्हणजे कितीही दुष्काळ पडला तरी कुणाला पाणी भरायचा मोह व्हायला नको.

ते दार मात्र गावानं ठेवून घेतलं. लिंबाला पाट्याशेजारी ते आता टांगलेलं असतं.

खोट्या टोलाचा नियम अजून आहे. फक्त धुरपदाबाईच्या आग्रहानं ग्रामसभेनं त्याला एक शेपूट जोडलं: टोल कुणी, का दिला ते आधी बघायचं, शिक्षा मग. कुठूनही ठोकल्याचा आवाज आला, की म्हातारी हातातली शेणी खाली ठेवायची आणि म्हणायची, "शिव्या मागनं द्या रं. आधी दार उघडून बघा."